पापणीखालचा रंग

माझ्या सुनेला फसवलं ते मी. आणि मला फसवलं ते त्या लोकांनी, ज्यांनी गोळ्यांची पाकिटं हातात दिली आणि त्या गोळ्यांची एक गोष्ट लपवून ठेवली. दोघांचाही कसूर इथं लिहिणार आहे. माझा आधी लिहिते, म्हणजे दुसऱ्याचा लिहिताना कुणी माझं तोंड धरणार नाही.

शहरात, गारखेड्यातल्या एका दवाखान्यात सकाळी अकराच्या सुमारास हे उघडं पडलं. माझी सून वर्षा तेव्हा आठव्या महिन्यात होती. दोन जिने चढून वर आली तर तिला बोलता येईना. डॉक्टरबाईंनी तिला खुर्चीत बसवलं, नाडी बघितली, आणि मग अंगठ्यानं तिच्या डोळ्याखालची पापणी खाली ओढली.

मी बाजूलाच उभी होते. डॉक्टरबाई काही बोलायच्या आत मला कळलं. कारण हेच काम मी बावीस वर्षं करत आले आहे. माणसांवर नाही, शेळ्यांवर.

शेळी विकत घ्यायची तर दात नंतर बघायचे, आधी तिची खालची पापणी ओढायची. आतून लालसर असली तर अंगात रक्त आहे. फिकी असली तर पोटात जंत आहेत, दुरुस्त होईल. आणि कागदासारखी पांढरी असली तर मालक कितीही गळ्यात पडला तरी दावं हातात धरायचं नाही. वर्षाची पापणी आतून पांढरी होती. अशी शेळी मी कुणाच्या दारातून फुकटही नेली नसती. आणि ही पोरगी माझ्याच घरात, माझ्यासमोर बसून जेवत होती.

आम्ही देवगाव रंगारीजवळच्या वस्तीवर राहतो. मेंढरं-शेळ्या राखणारं घराणं. नवरा गेला तेव्हा माझं वय सव्वीस होतं, मुलगा सोपान कडेवर होता आणि दारात दुसऱ्याच्या दोन शेळ्या अर्धलीनं सांभाळायला होत्या. अर्धलीनं म्हणजे राखायची आपण, आणि होणाऱ्या पिलांतली निम्मी मालकाला द्यायची. तिथून मी बाजारात उभी राहिले. आमच्याकडं जनावराचा सौदा रुमालाखाली बोटं दाबून होतो, भाव कुणाला ऐकू येत नाही. मी बाई, माझ्यासोबत रुमालाखाली हात घालायला पुरुष लाजायचे. म्हणून मी भाव तोंडानं, सगळ्यांसमोर बोलायला लागले. आधी लोक हसले, मग त्यांनी शिव्या दिल्या, आणि आता शहरातली मोठी गिऱ्हाइकं देखील थेट मलाच फोन करतात. हे सांगते ते मोठेपणासाठी नाही. जिला बाजारात कुणी फसवू शकत नाही, तिच्या घरात काय चाललं होतं ते कळावं म्हणून सांगते.

वर्षा माझ्या सख्ख्या भावाची मुलगी. लग्नाआधीही मला आत्या म्हणायची, लग्नानंतरही आत्याच म्हणते.

डॉक्टरबाईंनी बोटातून रक्त काढून तिथंच तपासलं. हिमोग्लोबिन पाच पूर्णांक दोन आलं. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातला लाल भाग. श्वासातली हवा तोच अंगभर पोचवतो, पोटातल्या बाळाला पण. गरोदर बाईचं ते अकरा तरी पाहिजे. सातच्या खाली गेलं की हृदयाला धाप लागते. बाळंतपणात बाईचं जे रक्त जातं ते साध्या बाईला सोसतं. पाचवाल्या बाईला सोसत नाही. डॉक्टरबाईंनी हे सगळं शांतपणे सांगितलं आणि विचारलं, "लाल गोळ्या घेतल्या होत्या का? लोहाच्या?"

वर्षानं माझ्याकडं बघितलं. मग खाली बघून म्हणाली, "घेतल्या ना. रोज एक."

मी गप्प राहिले.

आयुष्यात मी बाजारात कधी गप्प राहिलेली नाही. त्या दिवशी राहिले.

"रोज घेऊन पाच?" डॉक्टरबाईंचा पेन थांबला. "मग हे साधं नाही. रक्ताचा जन्मजात आजार असू शकतो. थॅलेसेमिया, सिकलसेल. किंवा आतून कुठंतरी रक्त जात असेल. नमुने पाठवावे लागतील. आत्ताच दाखल करून घेते."

थॅलेसेमिया म्हणजे काय ते मी कागदावर लिहून घेतलं. शरीराला नीट रक्त बनवताच येत नाही, असा आईबापाकडून येणारा आजार. बाळालाही येऊ शकतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, नमुन्याचा निकाल यायला तीन-चार दिवस. तोवर रक्ताची पिशवी देता येईल, पण शिरेतून लोह देता येणार नाही, कारण तो आजार निघाला तर लोह उलटं बाधेल. तसं झालं तर बाळंतपण इथं होणार नाही, मोठ्या दवाखान्यात हलवावं लागेल.

सोपान मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून दुपारी आला. रक्तपेढी क्रांती चौकाच्या पुढं होती. एक पिशवी घ्यायची तर बदल्यात घरच्या माणसानं रक्त द्यायचं. शंभर मेंढरांची लोकर कातरणारा माझा मुलगा सुई बघून पांढरा पडला आणि तिथल्या बाईनं त्याला साखरपाणी पाजलं. परत आल्यावर वर्षाला म्हणाला, "माझंच रक्त घातलंय तुला. आता तरी ऐकत जा." पिशवी पेढीनं दुसऱ्याच कुणाची दिली होती, हे आम्ही त्याला सांगितलं नाही.

पिशवी हळूहळू चढत होती. मी खाटेजवळच्या लोखंडी स्टुलावर बसून होते आणि मला माहीत होतं की हा आजार नाही. मला माहीत होतं, आणि डॉक्टरबाईंना माहीत नव्हतं.

आता माझा कसूर.

वर्षाला चौथा महिना लागला तेव्हा गावातल्या आशाताईनं लाल गोळ्यांची पहिली पाकिटं दिली. आशाताई म्हणजे आमच्याच गावची, आरोग्य केंद्राच्या वतीनं घरोघर फिरणारी बाई. वर्षानं गोळ्या सुरू केल्या. आठ-दहा दिवसांनी मला हळूच म्हणाली, "आत्या, परसाकडं काळं पडायलंय. डांबरासारखं."

मी स्वतः जाऊन बघितलं. जनावरात राहणाऱ्याला त्यात लाज नसते. शेळीची लेंडी सुटून अशी काळी, चिकट पडली की समजायचं, आतून आतडं खरचटलंय, रक्त जातंय. अशा दोन शेळ्या मी डोळ्यांसमोर मेलेल्या बघितल्या आहेत. मी तिथंच ठरवलं. घरात आले, पाकीट तिच्या हातातून घेतलं आणि म्हणाले, "ह्या गोळ्या आतून कापायल्यात तुला. बंद. फुकटात वाटतेत तेव्हाच म्या ओळखायला पाहिजे होतं."

चार दिवसांत काळं पडायचं थांबलं. माझी खात्री पटली. इतकी पक्की खात्री मला क्वचितच झाली असेल.

पुढं दर महिन्याला आशाताईकडून पाकिटं मी घेत राहिले, नाहीतर ती घरी येऊन हुज्जत घालेल म्हणून. वर्षा दिवाळीनंतर दोन महिने मेंढरांबरोबर रानात होती. लोक आपल्या शेतात खतासाठी मेंढरं बसवून घेतात, आज ह्या शिवारात, आठ दिवसांनी त्या शिवारात. तिच्या वतीनं सही मी केली आणि पाकिटं पत्र्याच्या डब्यात टाकली. डबा गच्च भरला.

सहाव्या महिन्यात ती चुलीची माती खरवडून खायला लागली. मी हातावर चापट मारली, "लहान लेकरू हाय का तू?" म्हणाले. त्याच आठवड्यात आमची एक गाभण शेळी भिंत चाटत होती. भिंत चाटते म्हणजे अंगात क्षार कमी पडलेत, हे मला शिकवावं लागत नाही. मी दुकानातून तिच्यासाठी क्षारांची वीट आणली आणि गोठ्यात दोरीनं टांगली. शेळीनं भिंत सोडली. वर्षा माती लपून खायला लागली.

हे सगळं स्टुलावर बसून मला एका ओळीत दिसत होतं. तरी मी तोंड उघडलं नाही. काय म्हणाले असते? ज्या बाईसमोर बाजारात कुणी खोट चालवू शकत नाही, तिनं स्वतःच्या भावाची लेक वाळवली, असं?

शेजारच्या खाटेवर कन्नडकडच्या एका घरची सून होती. त्यांची मोठी बागायत, मुलगा शहरात कंपनीत कामाला. तिचाही आठवा महिना, थोडा रक्तदाब वाढला म्हणून एक दिवस ठेवलेली. गाल टम्म. तिची सासू वयानं माझ्याएवढीच, बोलायला मोकळी. मला म्हणाली, "तुमची सूनबाई लई उतरलीय हो. खात नाय का काही?"

"खाती की," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाई आल्या. वर्षाचं पोट तपासलं, पाय दाबून सूज बघितली. मग विचारलं, "संडासला काळी होते का?"

वर्षाला वाटलं, काळी म्हणजे आजार. ती पटकन म्हणाली, "नाय नाय. एकदम साफ होती."

"आता नाही होत, पण आधी? गोळ्या चालू होत्या तेव्हा?"

"नाय. कधीच नाय."

डॉक्टरबाई सरळ उभ्या राहिल्या. तिच्याकडं नाही, माझ्याकडं बघितलं. "लोहाची गोळी पोटात गेली की संडास काळी होतेच. सगळ्यांची होते. शरीराला लागतं तेवढं घेतं, बाकीचं लोह बाहेर पडतं, ते काळं दिसतं. काळी होत नसेल तर गोळी पोटात जात नव्हती. खरं काय ते सांगा. निकाल येईपर्यंत म्हणून मी ह्या मुलीचं लोह अडवून ठेवलंय."

सगळ्यांची होते. हे दोन शब्द मला आधी कुणी सांगितले असते तर मी इथं नसते.

मी उभी राहिले. "डॉक्टरबाई, तिनं नाय घेतल्या. आठ-दहा दिवस घेतल्या, मग म्या बंद केल्या. काळं पडलं म्हणून. मला वाटलं आतून रक्त जातंय. पोरगी माझ्यासाठी खोटं बोलली." आणि त्याच दमात माझा आवाज चढला, "पण हे काळं होतं म्हणून आम्हाला आधी कामून नाय सांगितलं कुणी? जनावराच्या औषधाचा दुकानदार सांगतो, दोन दिवस पातळ हागंल, भिऊ नका. माणसाच्या गोळ्यावाल्यांना तोंड नाय का?"

वॉर्डात सगळे आमच्याकडं बघायला लागले. वर्षानं पदर तोंडावर घेतला. मला वाटलं, आता डॉक्टरबाई मला बाहेर काढतील.

त्यांनी माझंच स्टूल ओढलं, त्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं."

"काय बरं झालं?"

"मावशी, रोज गोळी घेऊन पाच असतं तर मला झोप लागली नसती. हे रक्त आजारी नाही, उपाशी आहे. उपाशी माणसाला जेवायला घातलं की उठतं." मग नर्सकडं वळून म्हणाल्या, "जन्मजात आजाराचा निकाल येऊ दे, पण आता मला फारशी भीती नाही. आयर्न सुक्रोजची तयारी ठेवा." आयर्न सुक्रोज म्हणजे सलाईनमधून शिरेत देतात ते लोह. त्याला पोटातून जावं लागत नाही, थेट रक्तात जातं.

निकाल दोन दिवसांनी साफ आला. कुठलाही जन्मजात आजार नाही. सोपान जिन्यात बसून रडला आणि मग खाली जाऊन सगळ्यांसाठी चहा घेऊन आला. मी वर्षाचा कप काढून घेतला, कारण तोवर मला कळलं होतं की चहा लोहाला अंगात शिरू देत नाही.

दुपारी जेवताना सोपान भाकरी मोडता मोडता म्हणाला, "माय, तू शेळीला वीट टांगलीस." एवढंच. त्याचा बापही मला कधी असं बोलला नव्हता.

वर्षाला मी विचारलं, "खोटं कामून बोललीस?"

"तुमच्यापुढं तुमचं नाव कसं घेऊ, आत्या?" ती म्हणाली. "आणि घेतलं असतं तर ऐकलं असतं का तुम्ही? बाजारात तुमच्याशी कुणी जिंकत नाय. मग घरात म्या कशाला भांडू?"

शेजारच्या खाटेवरची सासू सगळं ऐकत होती. जाताना माझ्याजवळ आली. "आमच्या डॉक्टरनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं बघा. काळी होईल, घाबरू नका, बद्धकोष्ठ झालं तर पाणी जास्त प्या, गोळी बदलून देतो. दर भेटीला विचारायचे. म्हणून म्या काही मनावर घेतलं नाय." ती चांगल्या मनानं सांगत होती. मला मात्र अंगावर उकळतं पाणी पडल्यासारखं झालं. मी तिची पाकिटं मागून बघितली. वेगळ्या कंपनीची, चकचकीत डबीतली. नर्सला विचारलं तर म्हणाली, "आत तेच लोह, मावशी. तेच फॉलिक अॅसिड." म्हणजे गोळी तीच. तिच्यासोबत एक वाक्य त्यांच्या घरी गेलं, आमच्या घरी नाही गेलं.

दुसरी रक्ताची पिशवी झाली. मग एक दिवसाआड लोहाचं सलाईन, पाच वेळा. पहिल्या सलाईनच्या वेळी नर्स अर्धा तास खाटेजवळून हलली नाही, अंगावर पुरळ येतंय का बघत. तिसऱ्यानंतर वर्षा जिना स्वतः उतरली, वर चढली, आणि वर येऊन बोलली. काय बोलली ते महत्त्वाचं नाही, मला कोथिंबिरीची वडी पाहिजे म्हणाली. पण बोलली.

दवाखान्यातून सुट्टी झाली त्या सकाळी मी तिला खिडकीत उभं केलं आणि अंगठ्यानं पापणी ओढली. "आत्या, म्या काय शेळी हाय का?" ती हसली. मी म्हणाले, "शेळी असतीस तर लवकर बरी झाली असतीस." आतून फिकी गुलाबी झालेली होती. लाल नाही. पण दावं हातात धरावं इतकी.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी तो पत्र्याचा डबा घेऊन मी आशाताईच्या दारात गेले आणि सगळी पाकिटं तिच्या ओट्यावर ओतली. "हे बघ तुझं वाटप," म्हणाले. "पाच महिन्यांचं."

तीही काही कमी नाही. "माझ्या दारात ओरडायचं काम नाय, मावशी," म्हणाली. "तुम्ही पाकिटं घ्यायला कशा यायच्या? बाजारातून परतताना. टेम्पो चालूच ठेवायच्या. म्या 'जरा थांबा, सांगायचंय' म्हणले तर काय म्हणाल्या होत्या, आठवतं का? 'माझा टेम्पो तुझ्या गोळ्यांसाठी थांबत नाय.' आणि सूनबाईला एकदा तरी अंगणवाडीत बैठकीला पाठवलं का?"

आठवत होतं. हा कसूर माझाच, तो मी तिथंच कबूल केला. पण मी बाजारातली आहे. कबूल केलं म्हणजे सौदा संपला असं होत नाही. मी विचारलं, "बरं. बैठकीत तू सांगितलंस का, की काळं होतं म्हणून? खरं सांग."

ती पाकिटं गोळा करत होती. "नाय."

"कामून?"

"रोज घ्या, जेवणानंतर घ्या, चहासोबत घेऊ नका, एवढं सांगते. काळ्याचं..." ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "आम्हाला शिकवायला एक साहेब आले होते. म्हणले, ह्या बायांना काळं होतं म्हणून सांगायला जाऊ नका, घाबरतील आणि गोळ्याच घेणार नाहीत. कुणी विचारलं तरच सांगा. आता विचारणार कोण, मावशी? न विचारता बंदच करतात."

मी ओट्यावर बसले. तिनं पाणी दिलं. मग तिनं सांगितलं की आमच्या वस्तीवर प्रत्येक दुसऱ्या घरात असा डबा असणार, तिला संशय आहेच, पण सही असते म्हणून कागदावर सगळं बरोबर दिसतं.

तिच्या संशयाची खात्री करायला आम्ही दोघी मिळून फिरलो. एकीची पाकिटं ज्वारीच्या कणगीत निघाली, एकीची पत्र्याखाली खोचलेली. एकीनं गुलाबाच्या कुंडीत घातली होती. सगळ्यांचं उत्तर एकच, काळं पडलं म्हणून. आम्ही सगळीच शेण-लेंड्या बघून दुखणं ओळखणारी माणसं. आम्हाला ती खूण दिसणारच. शहरातल्या बाईनं कदाचित खाली बघितलंही नसतं. आणि सांगितलं मात्र तिला.

आता मी बाजारात शेळी बघताना समोरच्याला विचारते, घरी कुणी पोटुशी हाय का. असली तर तिथंच, सगळ्यांसमोर, मोठ्यानं सांगते: लाल गोळी रोज घ्यायची. काळी होईल, ते लोह हाय, रक्त नाय. मळमळलं तर झोपताना घ्या. चहा दोन तास लांब ठेवा, लिंबू पिळलेलं चालतं. पांढरी गोळी कॅल्शियमची, ती वेगळ्या वेळी घ्या, दोघींचं पटत नाय. पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक अॅसिडची गोळी चुकवू नका, बाळाचा कणा त्याच दिवसांत बनतो. पोरगी माती खात असली तर मारू नका, रक्त तपासून आणा. एक म्हातारा मेंढपाळ म्हणाला, "आक्का, शेळीचा भाव बोला, बायकांच्या परसाकडचं काय काढलं?" मी म्हणाले, "तुमच्या सुनेची पापणी ओढून बघा, मग भाव बोलू." पुढच्या बाजाराला तो सुनेला घेऊन केंद्रावर गेला होता, असं आशाताईनं सांगितलं.

वर्षाचं बाळंतपण नवव्या महिन्यात त्याच दवाखान्यात झालं. हिमोग्लोबिन तोवर नऊपर्यंत आलं होतं. डॉक्टरबाईंनी रक्ताची पिशवी तयार ठेवली होती, लागली नाही. मुलगी झाली, थोडी बारीक, पण आवाज माझ्यावर गेलेला. माझा भाऊ बघायला आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. तो नातीला मांडीवर घेऊन बसला. म्हणाला, "पारखून घेणारीच्या घरात दिली म्हणून म्या निवांत होतो." पुढं म्हणाला, "आता खरंच निवांत हाय." त्या दुसऱ्या वाक्यावर मी उरलेलं आयुष्य काढीन.

डॉक्टरबाईंना मी एक शेळी देऊ केली. त्या नको म्हणाल्या, फ्लॅटमध्ये राहतात. मग मी त्यांच्या टेबलापाशी उभी राहून नुसतं "तुमचं भलं होवो" म्हणाले आणि ते त्यांनी घेतलं.

पण एक हिशेब अजून उघडा आहे. आमच्या बाजाराचा नियम कुठं लिहिलेला नाही, तरी सगळे पाळतात. विकणाऱ्यानं जनावराची खोड आधी सांगायची. लाथ मारतं, दूध चोरतं, दोन वेळा गाभडलंय, जे असेल ते. सांगून विकलं तर घेणारा जबाबदार. लपवलं तर पुढच्या बाजाराला जनावर परत, आणि चार माणसांसमोर मान खाली घालायची. कुणी म्हणत नाही की खोड सांगितली तर गिऱ्हाईक घाबरंल. घाबरलं तर त्याला समजावून सांगायचं, हेच तर विकणाऱ्याचं काम.

मी आरोग्य केंद्रात जाऊन विचारलं, तो साहेब कोण. तिथल्या माणसानं रजिस्टर उघडलं, बंद केलं आणि म्हणाला, "वर कळवतो." मी विचारलं, "वर म्हणजे कुठं? कोणत्या खुर्चीवर? तिचं नाव सांगा." तो म्हणाला, "मावशी, लेकरू सुखरूप झालं ना? मग आता कशाला?"

लेकरू सुखरूप झालं, म्हणूनच विचारते. नसतं झालं तर मी विचारायच्या स्थितीत नसते, आणि ज्यांचं नाही झालं त्या विचारायला येत नाहीत.

माझी चूक मी डॉक्टरबाईंसमोर, मुलासमोर, भावासमोर आणि भरल्या वॉर्डात कबूल केली. आता ज्यानं ठरवलं की कन्नडच्या बागायतदाराच्या सुनेला काळ्या रंगाचं जे पहिल्याच दिवशी कळतं, ते वस्तीवरच्या वर्षाला सांगायचं नाही, त्यानं एकदा देवगावच्या बाजारात यावं. रुमालाखाली नको. उघड्यावर, चार माणसांसमोर माझ्यापुढं उभं राहावं आणि खोड का लपवली ते सांगावं. मी दर आठवड्याला तिथंच असते.